भिंतीपलीकडची ओन्दीना

"संसार टिकवायचा असेल तर नवराबायकोच्या मध्ये दहा फुटी भिंत हवी," असं लिव्यो गंभीरपणे जाहीर करायचा. पाचच मिनिटांनी त्याच भिंतीकडे तोंड करून ओरडायचा, "अगं ओन्दीना, माझी चड्डी तुझ्या पिशवीत गेली का?"

चड्डी भिंतीवरून उडत यायची.

इटलीतल्या आमच्या त्रिएस्तेत समुद्रस्नानाची ही जुनी जागा. मध्ये पांढरी भिंत, अलीकडे पुरुष, पलीकडे बायका. बाहेरच्यांना ती पाडावीशी वाटते, आम्हाला नाही. लिव्यो आणि ओन्दीना एकेचाळीस उन्हाळे फाटकाशी हात सोडून दोन बाजूंना गेले.

लिव्यो टपालखात्यात कारकून होता, पण जीव सगळा कॅमेऱ्यात. जाळी शिवणारे, धक्क्यावर पत्ते कुटणारे, क्रेनच्या सावलीत घोरणारे हमाल, यांतला एकही त्याच्या तावडीतून सुटला नाही. बंदरावरची कुत्री तर त्याला पाहिलं की आपणहून मान वळवून बसत.

फेब्रुवारीत ओन्दीना गेली. खोकला आला आणि आठ दिवसांत घेऊन गेला.

आमच्याकडे थडग्यावर माणसाचा फोटो बसवतात, चिनीमातीच्या लंबगोलात. पाथरवटाने फोटो मागितला तेव्हा लिव्योने खोकी उघडली. छत्तीस खोकी. चार दिवस मीही त्याच्याबरोबर भिंग घेऊन बसलो. ओन्दीना कुठेच नव्हती. एका फोटोच्या कडेला एक कोपर सापडलं, पण ते तिचंच असं शपथेवर सांगायला लिव्यो तयार होईना. उरला ओळखपत्रावरचा फोटो. त्यात ती जकात चुकवताना पकडल्यासारखी दिसत होती.

"काढू काढू म्हणत होतो," लिव्यो म्हणाला. "म्हटलं, ती काय, घरचीच."

जूनमध्ये मी त्याला ओढून पुन्हा समुद्रावर नेलं. भिंतीशी गेला आणि त्याने मला पुढे ढकललं. "तूच विचार," म्हणाला.

मी ओरडलो, "बायांनो, ओन्दीनाचा फोटो आहे का कुणाकडे? थडग्यासाठी हवाय."

पलीकडचा कलकलाट थांबला. इतक्या वर्षांत तो थांबलेला मी प्रथमच ऐकला. मग याद्रांकाचा आवाज आला. तिने आयुष्यभर बाजारात मासळी विकली, त्यामुळे तिच्या आवाजाला भिंत जाणवतच नाही.

"आहे माझ्याकडे. पण थडग्यावर शोभायचा नाही."

"आण तर खरा!"

दुसऱ्या दिवशी भिंतीवरून एक रबरी चप्पल आली. तिला रबरबँडने फोटो बांधलेला होता.

ओन्दीना कमरेइतक्या पाण्यात उभी होती. एक डोळा मिटलेला, दुसऱ्यापुढे दोन्ही मुठी कॅमेऱ्यासारख्या धरलेल्या, कुल्ले मागे काढलेले, आणि ओठांच्या कोपऱ्यातून जीभ बाहेर. हुबेहूब लिव्यो. आजूबाजूच्या बायका हसून पाण्यात कोलमडल्या होत्या, आणि तिला स्वतःलाही हसू आवरत नव्हतं.

"हे काय करतेय ती?" लिव्योने भिंतीला विचारलं.

"तुझी नक्कल, बाबा. रोज अकराला तू कोकलायचास ना, 'ओन्दीना, आज जेवायला काय?' उत्तर द्यायच्या आधी ती एवढं करून दाखवायची."

त्या हाकेनंतर पलीकडे रोज हशा उठायचा, हे खरं. "बायकांना माझा विनोद कळतो," असं लिव्यो मला सांगायचा. जेवायला काय, यात विनोद कुठला, हे मी एकेचाळीस वर्षं मैत्रीखातर विचारलं नव्हतं.

"इतकी हसायची?"

"इतकी? हसवून बुडवलंच असतं तिने आम्हाला एखाद दिवशी!"

"घरी कधी नाही करून दाखवलं."

याद्रांका म्हणाली, "घरी तू असायचास ना रे."

लिव्यो भिंतीला पाठ टेकून खाली बसला. कोरडा फोटो त्याने ओल्या टॉवेलने पुसला, मग स्वतःच भिजवलेला पाहून सदऱ्याने पुसला. मी म्हटलं, "पाथरवट म्हणेल, जीभ तेवढी काढून टाकू."

"जीभ राहील," लिव्यो म्हणाला.



"लिव्यो," याद्रांका म्हणाली, तिच्या मानाने हळूच. "एक सांगू? रागावू नकोस."

"बोल."

"उद्यापासून अकराला हाक मारत जा रे. तू बंद केल्यापासून माझी रक्तदाबाची गोळी चुकतेय."