न्झिगिरेच्या गळ्यातली चकती

मी एक जुनी लाकडी चकती आहे. मित्रांनो, फळीतून मला कापलं तेव्हा वाटलं होतं, आपण निदान एखाद्या पातेल्याचं झाकण होऊ. पण सुताराने मला भोक पाडलं, सुतळी ओवली आणि युगांडातल्या या शाळेत धाडून दिलं.

इथला नियम असा. शाळेत इंग्रजी सोडून दुसरी भाषा जो बोलेल, त्याच्या गळ्यात मी. मग त्याने दुसऱ्या कुणाला बोलताना पकडायचं आणि मला त्याच्या गळ्यात घालायचं. शाळा सुटताना मी ज्याच्याकडे असेन, त्याने संडास धुवायचे. घामट मानांवर लोंबकळून माझा जीव नुसता मेटाकुटीला आलाय. हेडमास्तर तुमवेबाझे मात्र पाहुण्यांना मला कौतुकाने दाखवायचे, "हिच्यामुळे आमची मुलं इंग्रजी बोलतात." बोलतात कसली, गप्प बसतात.

तशात न्झिगिरे आली. काँगोतल्या लढाईतून मावशीबरोबर निसटून आलेली पोर. हमरस्त्यावर ट्रकवाल्यांना भाजलेली केळी विकायची, तिचं सगळं इंग्रजी तिथलंच. पहिल्याच आठवड्यात हेडमास्तरांनी स्वतः तिला पेजेचा मग दिला. तिने इथल्या रीतीप्रमाणे आदराने गुडघे टेकून तो दोन्ही हातांनी घेतला, गोड हसली आणि त्यांना इंग्रजीत एक सणसणीत शिवी हासडली. ती मी इथे सांगणार नाही.

हेडमास्तरांनी मला तिच्या गळ्यात अडकवलं आणि म्हणाले, "उद्या सगळ्या शाळेसमोर इंग्रजीत माफी माग. नाहीतर मावशीला आण आणि नाव काढून घे."

आता तुम्हीच सांगा, शिवी इंग्रजीतच होती ना? मग माझा काय संबंध? पण मला विचारतो कोण. पोरीने तर बोलणंच टाकलं. आपलं काय चुकलं तेच तिला कळेना, ती माफी कशाची मागणार? आणि इथून नाव कटलं असतं तर जवळपास दुसरी शाळा नाही.

दुपारी कोमुगिशा मॅडमनी तिला बाजूला घेतलं आणि हळूच तिला कळणाऱ्या स्वाहिलीत विचारलं, "हा शब्द कुठे ऐकलास गं?"

"ट्रकवाले एकमेकांना म्हणतात, मॅडम. पाठीवर थाप मारतात आणि अर्धं केळं मोडून देतात. मला वाटलं, आपल्या माणसाला असंच म्हणायचं."

"ते दोस्त आहेत, त्यांचं त्यांच्यात चालतं. दुसऱ्याला म्हटलं की ती घाण शिवी होते, बाळ."

न्झिगिरेने ओंजळीत तोंड लपवलं. मॅडमनी तिच्याकडून आभाराचे आणि माफीचे शब्द पुन्हा पुन्हा म्हणून घेतले. मग ती उठली, मला काढलं आणि मॅडमच्या गळ्यात घातलं. मॅडम स्वाहिली बोलल्या होत्या ना. त्यांनीही मला काढलं नाही. संध्याकाळी निमूटपणे संडास धुतले.

सकाळी प्रार्थनेला हेडमास्तरांनी मला मॅडमच्या गळ्यात पाहिलं आणि त्यांचं डोकं फिरलं. ते तोंडाला येईल ते बोलत सुटले, आणि सगळं त्यांच्या मायबोलीत, रुन्यांकोलेत. पोरांनी तोंडावर हात दाबले.

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "सर, रागावल्यावर तुम्हाला तुमचीच भाषा सुचली. हिला आभार मानायचे होते, आणि हिच्याकडे तेवढंच इंग्रजी होतं."

न्झिगिरे पुढे झाली. इंग्रजीत नीट म्हणाली, "सर, मला माफ करा. पेज दिलीत, तुमचे आभार."

हेडमास्तरांनी मॅडमसमोर मान वाकवली. मॅडमनी मला काढलं आणि त्यांच्या गळ्यात घातलं.

मित्रांनो, नव्या मुलाच्या तोंडून वाईट शब्द आला, तर आधी त्याला कळेल अशा भाषेत विचारा, कुठून उचललास. गळ्यात काय अडकवायचं ते नंतर बघा. एवढं साधं सांगायला लाकडाला तोंड उघडावं लागतं, याचाच मला वैताग येतो.

मला पुढे द्यायला हेडमास्तरांनी आता कुणालातरी पकडायला हवं. मैदानात चार भाषांचा नुसता कलकलाट असतो. ते रोज त्यातून हात मागे बांधून फिरतात, आणि त्यांना काही म्हणजे काही ऐकू येत नाही.