उसनं नाक

आत्याबाईंचं नाक गेलं ते एका मंगळवारी सकाळी, कॉफीच्या कपात.

आठवडाभर त्या सर्दीने बेजार होत्या. मंगळवारी ताप उतरला, डोकं हलकं झालं, म्हणून उठून स्वयंपाकघरात आल्या, कॉफी ओतून घेतली आणि कप तोंडाला लावला. नुसतं गरम पाणी. त्यांनी कपात डोकावून पाहिलं. कॉफीच होती, चांगली काळीकुट्ट. मग त्यांनी कांदा चिरला. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, पण नाकाला काही पत्ता नाही. रॉकेलच्या बाटलीचं बूच काढून पाहिलं. शेवटी, कोणी बघत नाही याची खात्री करून, धुण्याच्या टोपलीतून धाकट्या भावाचा मोजा काढला. हा मोजा बाहेर वाळत घातला की मांजर ती वाट सोडून जायचं. आत्याबाईंनी तो नाकाशी धरला, जोरात श्वास घेतला, आणि मग मात्र त्या खुर्चीत मटकन बसल्या.

दुसऱ्या कोणाचं नाक गेलं असतं तर घरात चार दिवस थट्टा झाली असती आणि विषय संपला असता. पण या घरचा द्राक्षमळा आणि वाइन, दोन्ही गेली अडतीस वर्षं आत्याबाईंच्या नाकावर चालली होती. वडिलांनी लावलेले तीन मळे होते: टेकडीवरचा, ओढ्याकाठचा आणि दगडी. तिघांची वाइन तळघरात वेगवेगळ्या पिंपांत मुरायची आणि दर वसंतात आत्याबाई त्यांचं मिश्रण ठरवायच्या. कुठली किती घालायची याचा कागद नव्हता. त्या ग्लास हुंगायच्या, डोळे मिटायच्या आणि आकडा सांगायच्या. त्या आकड्याविरुद्ध अपील नसे. नाकावर माशी बसू न देणारी बाई, असं गडीमाणसं म्हणायची, आणि माशांचंही तेच मत असावं.

मिश्रण ठरवायला तीन आठवडे उरले होते.

घरात एकूण चार माणसं. आत्याबाई, त्यांचा धाकटा भाऊ, भावाचा मुलगा आणि सून. मुलगा वेलींचं बघायचा आणि वेलींशीच बोलायचा. सून लॅब सांभाळायची. आंबटपणा, साखर, सगळं मोजून वहीत लिहायची. ती फार हुशार, म्हणून आत्याबाईंना तिला सांगायचं नव्हतं. राहिले भाऊ. सगळा मळा त्यांना भाऊच म्हणे. पंप, पाइप, द्राक्षं चिरडायचं यंत्र आणि ट्रॅक्टर एवढं त्यांचं राज्य. तरुणपणी वडिलांनी दोघा भावंडांना समोर बसवून एकेक ग्लास दिला होता आणि विचारलं होतं, कसला वास येतोय? ताईने पाच मिनिटं सांगितलं. भाऊ म्हणाले, "वाइनचा." वडिलांनी त्यांना त्याच दिवशी ट्रॅक्टरची किल्ली दिली.

हे दुःख भाऊंनी अडतीस वर्षं जपून ठेवलं होतं. वर्षातून एकदा तरी, जेवताना, ते म्हणायचेच, "मला कोणी नीट विचारलंच नाही."

त्या शनिवारी आत्याबाई ट्रॅक्टरच्या शेडमध्ये गेल्या. भाऊ कुठलासा नट कापडाने पुसत होते.

"या वर्षी तू येऊन बस माझ्याबरोबर. मिश्रणाला."

भाऊंच्या हातातला नट पडला. "मी? का?"

"तुला कोणी नीट विचारलं नाही ना? मी विचारते."

"परीक्षा घेणार आहेस माझी?"

"तसं समज," आत्याबाई म्हणाल्या. अगदीच खोटं बोलल्या असं नाही.

दुसऱ्या दिवशी भाऊ आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून तळघरात आले. आत्याबाईंनी काचेच्या नळीने पिंपातून थोडी वाइन काढली, दोन ग्लासांत घातली, आपला ग्लास नेहमीसारखा नाकाशी धरला आणि डोळे मिटले. नाकात काहीच आलं नाही.

"हं. सांग."

भाऊंनी हुंगलं. कपाळावर आठ्या पडल्या. "हसणार नाहीस ना?"

"मी कधी हसलेय का?"

तेही खरंच होतं.

"पेन्सिलीला टोक काढल्यावर जे तुकडे पडतात ना, तसा. आणि मागून जुन्या पाकिटाच्या कातड्याचा. ज्यात कधी फारसं काही नव्हतं अशा पाकिटाचा."

आत्याबाईंनी एक डोळा उघडला. हे दगडी मळ्याचं पिंप होतं, आणि दगडी मळा चांगल्या वर्षी नेमका असाच असतो. फक्त त्यांनी त्याला पाकीट कधी म्हटलं नव्हतं.

"पुढचं," त्या म्हणाल्या.

पुढच्या पिंपाला भाऊ म्हणाले, "ओली छत्री घडी करून कपाटात ठेवली आणि विसरलो." आत्याबाईंनी ते पिंप मुकाट्याने बाजूला काढायला लावलं, लाकूड खराब झालं होतं. ओढ्याकाठच्या वाइनला भाऊ म्हणाले, "ही चांगली आहे, पण पाहुण्यांसमोर मुलीला गाणं म्हणायला लावतात तशी आहे. एवढं गोड कशाला?" आत्याबाईंनी ओळखलं, तिचा हिस्सा कमी करायचा. जन्मभराचं ज्ञान त्यांच्या डोक्यात तसंच होतं. वास तेवढा भावाकडून घ्यायचा होता. भाऊ बोलत, त्या मनात भाषांतर करत आणि आकडा सांगत. चौथ्या दिवशी तर भाऊच आकडा सांगू लागले. "दगडी अजून घाल, ताई. जरा कणा येईल." आत्याबाईंनी घातली. इतकी दगडी त्यांनी आजवर कधीच घातली नव्हती.

त्याचा परिणाम असा झाला की भाऊ घरात असह्य झाले. सूप आलं की आधी हुंगायचे. "सुरुवात बरी आहे, पण मध्यावर कोणी नाही." साबण बदलला तर त्यावर दहा मिनिटं बोलायचे. मुलगा वेलींकडे जरा लवकरच जाऊ लागला.

"बाबांना झालंय काय?" सुनेने विचारलं.

"नाक फुटलंय," आत्याबाई म्हणाल्या. "उशिरा फुटलं की असं होतं."

पण सुनेचं लक्ष होतं. एका दुपारी लॅबच्या टेबलावर तिने एक ग्लास ठेवला होता. पिंप धुण्याआधी तळाशी उरलेली वाइन, पार आंबून गेलेली. दारातून आत येणाऱ्याचं नाक जळावं अशी. आत्याबाई आल्या, सवयीने ग्लास उचलला, हुंगला आणि म्हणाल्या, "छान उतरलीय."

सुनेने हातातली वही बंद केली. "आत्याबाई, कधीपासून?"

आत्याबाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. मग ग्लासात. मग परत खिडकीबाहेर. "सर्दी झाली होती ना, तेव्हापासून."

"आणि मिश्रण?"

"तुझ्या सासऱ्याने केलं."

सून हसली नाही, हे आत्याबाईंनी मनात जमा धरलं. ती त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी नाकात बॅटरी मारून पाहिलं आणि सांगितलं, बहुतेक परत येईल, महिने लागतील, कधीकधी नाहीही येत. रोज दोनदा लवंग, लिंबू, गुलाब आणि निलगिरी हुंगायची, वास येत नसला तरी. आत्याबाई चार बाटल्या घेऊन घरी आल्या आणि कपाटात साड्यांमागे लपवल्या.

"बाबांना सांगायला हवं," सून म्हणाली. "गुरुवारी व्यापारी येणार. निम्म्याहून जास्त वाइन तेच घेतात. बाबांना वाटतंय की तुम्ही सगळं तपासलंय."

"सांगितलं तर घाबरेल तो."

"न सांगता कळलं तर काय होईल?"

आत्याबाईंना सुनेचा रागही आला आणि कौतुकही वाटलं.

गुरुवारी सकाळी त्या शेडमध्ये गेल्या आणि उभ्याउभ्या सांगून टाकलं. भाऊंनी नीट ऐकून घेतलं.

"म्हणजे मी पाकीट म्हणालो तेव्हा तुला काहीच येत नव्हतं?"

"नाही."

"तू नुसती मान हलवत होतीस?"

"विचार करत होते मी. मान आपोआप हलते."

भाऊंच्या चेहऱ्याचा रंग उडाला. "मला वाटलं, मी चुकलो तर तू आहेस! म्हणून तर मी वाट्टेल ते बोलत होतो! ताई, अगं, सगळं वर्षभराचं पीक... माझ्या नाकावर?"

"माझ्याकडे दुसरं नाक नव्हतं रे," आत्याबाई म्हणाल्या, आणि आवाज जरा हलला म्हणून पटकन पुढे म्हणाल्या, "आणि तू चुकला नाहीस. खराब पिंप तू पकडलंस. दगडी वाढवायला तू सांगितलंस. मी अडतीस वर्षं घाबरून कमी घालत आले."

भाऊंनी पाना उचलला आणि ते ट्रॅक्टरखाली शिरले. ट्रॅक्टरला काहीही झालं नव्हतं.

व्यापारी अकराला आला. जाडजूड, हळू बोलणारा, वीस वर्षांच्या ओळखीचा माणूस. पडवीतल्या टेबलावर सुनेने ग्लास मांडले. समोरच शेड होती, आणि ट्रॅक्टरखालून भाऊंचे दोन बूट दिसत होते. व्यापाऱ्याने हुंगलं, घोट घेतला, तोंडात घोळवला आणि ग्लास खाली ठेवला. बूट हलायचे थांबले.

"आत्याबाई," व्यापारी म्हणाला, "ही तुमची नाही."

आत्याबाईंनी पदर सारखा केला. हो, जरा वेगळी करून पाहिली, असं म्हणायला काहीच हरकत नव्हती. ओठांवर आलंही होतं. बूट तसेच स्तब्ध होते.

"धाकट्या भावाची आहे," त्या म्हणाल्या. "माझं नाक गेलंय. मिश्रण त्याच्या नाकाने झालं. तो तिकडे ट्रॅक्टरखाली आहे."

व्यापाऱ्याने बुटांकडे पाहिलं, ग्लासाकडे पाहिलं आणि आणखी एक घोट घेतला. "खरं सांगू? वीस वर्षं तुमची वाइन प्यायलो की मी सरळ बसायचो. शाळेत बसल्यासारखा. आज पहिल्यांदा पाठ टेकली." तो शेडच्या दिशेने ओरडला, "भाऊ! दगडी किती घातलीय?"

ट्रॅक्टरखालून आवाज आला, "आवडली असेल तर सांगतो."

"आवडलीय!"

"मग अर्ध्याला थोडी कमी."

व्यापाऱ्याने नेहमीइतकीच पिंपं घेतली, एकही जास्त नाही. इतकाही विरघळणारा माणूस नव्हता तो. पण जाताना शेडमध्ये गेला आणि वाकून बुटांशी पाऊण तास बोलला.

आत्याबाईंचं नाक शरद लागता लागता परतलं. आधी लवंग आली, मग लिंबू. गुलाब अजून यायचाच आहे. एका रविवारी जेवताना त्यांनी भावाच्या मिश्रणाची बाटली उघडली, सगळ्यांसमोर ग्लास नाकाशी धरला आणि बराच वेळ डोळे मिटून बसल्या. भाऊंनी जेवण थांबवलं.

"बरी आहे," आत्याबाई म्हणाल्या. "टेकडीवरची अजून थोडी चालली असती."

"तुझं नाक नवीन आहे, ताई. त्याला अजून समज यायची आहे."

"माझ्या नाकाला समज?"

"मग? अजून गुलाबसुद्धा येत नाही त्याला!"

मुलगा ताट घेऊन हळूच बाहेर गेला. सुनेने दोघांपुढे एकेक कोरा कागद ठेवला, पुढच्या वर्षीचे आकडे आधी लिहा आणि मग भांडा म्हणाली. आत्याबाईंनी हाताने आडोसा करून लिहायला घेतलं. भाऊ मान उंचावून त्यांच्या कागदात बघत होते.