चादरीचे चार कोपरे

रांगेत कोण उभं राहणार, हा प्रश्न त्या घरात कधी पडतच नसे. आई होत्या ना. नातीच्या शाळेचा अर्ज घ्यायला सकाळी सहापासून आई. दवाखान्यात नंबर लावायला आई. सून मुलीला न्हाऊमाखू घालून सावकाश पोचायची, तोवर आईंचा नंबर तिसरा आलेला असायचा. बसमध्ये आधी शिरून खिडकीजवळच्या सीटवर रुमाल टाकायच्या त्याही आईच. घरात वाईट कुणीच नव्हतं, हे मुद्दाम सांगायला हवं. वाईट माणसांची गोष्ट असती तर आपल्याला वाचून सोडून देता आली असती.

आई अडुसष्ट वर्षांच्या. जन्मभर शिवणकाम केलेलं, त्यामुळे एका जागी तासन्‌तास बसायची सवय. “माझ्याइतकं चिवट बसणारं कुणी दाखवा,” असं त्या हसत म्हणायच्या. मुलगा लिफ्ट दुरुस्त करायचा. सून शिकलेली, लग्नाआधी रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत काम केलेली. चार वर्षांपूर्वी मुलगी झाली आणि काळजी करणं हेच तिचं पूर्णवेळ काम होऊन बसलं. मुलीला घरात चिमणी म्हणत. चिमणीला शिंक आली की ही खिडक्या लावायची, चिमणी गप्प बसली की कपाळाला हात लावायची. नवरा म्हणायचा, हिच्या तळहातात थर्मामीटर बसवलाय देवानं.

त्या उन्हाळ्यात गावाबाहेरच्या मोठ्या मैदानावर तीन दिवसांचा खाद्यमहोत्सव भरला. दिवसभर खाण्याचे स्टॉल आणि रोज संध्याकाळी रॉक बँडचा कार्यक्रम. शेवटच्या दिवशी जो बँड येणार होता, त्याच्यावर नवऱ्याचा कॉलेजपासून जीव. तेव्हा तो स्वतःही तीन मित्रांबरोबर गिटार वाजवायचा. खोलीचं दार बंद, आत धडधडाट, आणि बाहेरून आई दार बडवतायत, “अरे, मशीनचा टाका चुकतोय माझा!” आता गिटार कपाटावर धूळ खात पडली होती. जाहिरात वाचताना त्याचा चेहरा असा उजळला की सुनेला ‘नको’ म्हणवेना.

अडचण एकच होती. स्टेजसमोर खुर्च्या नव्हत्या. ज्याची चादर आधी, त्याची जागा. कार्यक्रम सहाला, पण लोक दुपारी दोनपासूनच चादरी टाकून बसतात, असं मित्रानं सांगितलं होतं. नवऱ्यानं हे घरात सांगितलं आणि आईंकडे पाहिलं. त्या आधीच त्याच्याकडे बघत होत्या.

“मी बसेन की,” त्या म्हणाल्या. “तुम्ही खाऊन-पिऊन या.”

निघताना सुनेनं चिमणीची पिशवी भरली. दोन टोप्या, उन्हाचं मलम, दोन बाटल्या पाणी, चिरलेली काकडी, डब्यात ओला रुमाल, छोटी छत्री, आणि आवाजाचा त्रास होऊ नये म्हणून कानांवर लावायची जाड गोल पट्टी. आईंसाठी तिनं एकच वस्तू घेतली. चादर.

अडीच वाजता मैदान तव्यासारखं तापलं होतं. पुढून चौथ्या ओळीत जागा मिळाली. वारा चादर उडवत होता, म्हणून कोपऱ्यांवर वजन ठेवायला काय काय आहे ते सून शोधू लागली. एका कोपऱ्यावर नवऱ्याचं हेल्मेट ठेवलं. दुसऱ्यावर आईंची पिशवी. आणखी दोन कोपरे राहिले.

“आई, तुमच्या चपला ठेवते हं इकडे,” ती म्हणाली. “तुम्हाला कुठं उठायचंय.”

आईंनी चपला काढून दिल्या. पिशवीत पाण्याची एक बाटली होती. डोक्यावर त्यांनी स्वतःचा पांढरा रुमाल टाकला आणि मांडी घातली. चिमणी म्हणाली, “आजी पुतळा झाली!” सगळे हसले. आजीही हसली.

मैदानाच्या कडेला दोन मोठी झाडं होती आणि त्यांच्याखाली बाकडी. तिघं तिथं बसली. तिथून चादर पन्नास पावलांवर. नवरा एकेका स्टॉलवरून काहीतरी आणत होता. निखाऱ्यावर भाजलेलं, तळलेलं, बर्फ घातलेलं. सुनेनं दर अर्ध्या तासानं चिमणीला पाणी पाजलं, दर तासाला मलम लावलं, टोपी ओली करून पुन्हा घातली. चार वाजता तिनं चादरीकडे हात हलवला. पांढऱ्या रुमालाखालून आईंनीही हात हलवला. तिला बरं वाटलं. पाच वाजता नवऱ्यानं फोन केला, काही आणू का म्हणून विचारलं. आई म्हणाल्या, सगळं ठीक आहे, तुम्ही सावकाश खा. त्यानं फोन ठेवला आणि बायकोला म्हणाला, आपली आई म्हणजे आईच!

सहाला पाच कमी असताना तिघं उठली. तोवर मैदान भरलं होतं. हातातल्या कागदी बशा सांभाळत, पायांवर पाय देत ती चौथ्या ओळीपर्यंत पोचली. जागा जशीच्या तशी होती. चारही कोपरे ताठ. आई पिशवीला टेकून बसल्या होत्या, चेहरा लालबुंद, ओठांवर पांढरी खपली.

त्याच क्षणी स्टेजवर ड्रमचा पहिला ठोका पडला. तो कानांत नाही, बरगड्यांत वाजतो. हजारो माणसं एकदम उभी राहिली, हजारो फोन वर गेले. नवऱ्याचे डोळे भरून आले. बारा वर्षांपूर्वीची खोली, ते तीन मित्र, सगळं त्या सुरावटीतून परत येत होतं. तो ओरडून म्हणाला, आई, बघ, आले ते! तो स्टेजकडेच बघत होता.

आईंनी सुनेचा हात धरला. म्हणाल्या, “बाई, तुमचा कुडता झालाय. काजं तेवढी राहिलीत. उद्या या.”

सुनेला आधी वाटलं, आवाजात आपण चुकीचं ऐकलं. मग तिनं आईंच्या कपाळावर हात ठेवला. चार वर्षं तापाचा अंश न् अंश ओळखणारा तो हात. कपाळ इस्त्रीसारखं तापलेलं, आणि घामाचा एक थेंब नाही. याचा अर्थ उष्माघात, हे ती शिकली होती. परीक्षेत लिहिलंही होतं!

आई कुशीवर कलंडल्या. तिनं हाका मारल्या, त्या गिटारच्या आवाजात कुणालाच ऐकू आल्या नाहीत. शेजारच्या चादरीवरच्या माणसाला वाटलं, आजींना डुलकी लागली. नवऱ्याच्या शर्टाला धरून तिनं ओढलं तेव्हा कुठं तो वळला. मग दोघांनी आईंना उचललं. वाट निघत नव्हती; लोक स्टेजकडे बघत, फोन न हलवता, नुसते खांदे तिरके करत होते. चिमणी आपल्या आईचा कुडता धरून मागून रडत चालली होती. कानांवर तिची जाड पट्टी तशीच होती.

प्रथमोपचाराचा तंबू स्टॉलच्या मागे होता. तिथल्या वयस्कर सिस्टरनं आईंना पाहताच गाडी बोलावली, अंगावरचे कपडे सैल केले, बर्फाचं पाणी ओतलं. तळपाय पुसताना ती थांबली. तळव्यांना फोड आले होते.

“या उठल्या होत्या एकदा,” सिस्टर म्हणाली. “पाच पावलं टाकली आणि परत फिरल्या. मी लांबून बघितलं. मला वाटलं, चपला विसरल्या. पाणी घेऊन गेले तर म्हणाल्या, नको बाई, बाटलीतलंच अर्धं उरलंय. पाणी प्यायलं की उठावं लागतं, आणि उठलं की जागा जाते.”

नवरा म्हणाला, आईनंच सांगितलं होतं सगळं ठीक आहे म्हणून. आम्ही जबरदस्ती नव्हती केली.

सिस्टरनं आवाज चढवला नाही. “जबरदस्ती कुणीच करत नाही हो. दुपारभर मी या मैदानावर फिरतेय. चादरींवर कोण बसलंय, ते मोजलंत? सगळे साठीच्या पुढचे. आणि सावलीत खात बसलेले सगळे तुमच्या वयाचे. कुणाची आई, कुणाचे सासरे. विचारलं तर प्रत्येक जण सांगतो, मीच म्हणालो बसतो. त्यांना म्हणायला दुसरं काय ठेवलंय आपण? घरात आपला उपयोग आहे, एवढं दाखवायची हीच एक जागा उरलीय त्यांना.”

मग ती चिमणीकडे बघून म्हणाली, “हिचं तोंड बघा, किती गार आहे. तेवढी काळजी तुम्हाला घेता येते, ताई. येत नाही असं नाही.”

गाडी आली तेव्हा मैदानावरून गाण्याचा आवाज येत होता आणि हजारो लोक एका सुरात ते गाणं म्हणत होते.

दवाखान्यात आई दोन दिवस होत्या. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी डोळे उघडले. मुलगा उशाशी होता. त्याच्याकडे पाहून त्यांनी एकच विचारलं, “जागा गेली का रे?”

“नाही, आई,” तो म्हणाला. “आहे. तशीच आहे.”

त्यांनी समाधानानं डोळे मिटले. तिसऱ्या दिवशी सकाळी त्या गेल्या.

सून चादर धुऊन घडी घालत होती, तेव्हा मैदानावर दुसऱ्या बाजूच्या चादरीवर बसलेल्या बाईंचा निरोप आला. त्यांनी कुठून कुठून फोन नंबर मिळवला होता. त्या दुपारी दोघींच्या गप्पा झाल्या होत्या. आई त्यांना सांगत होत्या, हे लोक शेवटी एक गाणं म्हणतात, ते माझ्या मुलाचं लाडकं. दाराबाहेरून ऐकून ऐकून मला पाठ झालंय. दार बडवायचे मी, पण त्या गाण्याला कधी बडवलं नाही. ते एकदा समोर बसून ऐकायचंय. नवरा हे ऐकून कपाटासमोर कितीतरी वेळ उभा राहिला. इतक्या वर्षांत, आई, तुला काय ऐकायचंय, असं त्यानं एकदाही विचारलं नव्हतं.

नंतर चिमणीला ताप आला तेव्हा सून दवाखान्यात पहिल्यांदा स्वतः रांगेत उभी राहिली. दीड तास. पायांना कळ लागली, तहान लागली, आणि नंबर जाईल म्हणून ती पाणी प्यायला गेली नाही. पुढे एक आजोबा होते, मागे एक आजी. दोघंही दुसऱ्याच कुणासाठी उभी होती. तिथं, भर रांगेत, तिला रडू कोसळलं.

पुढच्या उन्हाळ्यात नवऱ्यानं महोत्सवाच्या आयोजकांच्या मागे लागून स्टेजसमोरच्या अर्ध्या भागावर कापडाचं छत घालून घेतलं. तो कार्यक्रमाला गेला नाही. चिमणीजवळ घरी थांबला. सून मात्र गेली, त्या सिस्टरच्या हाताखाली पाणी वाटायला.

दुपारी तीनला छताबाहेरच्या उन्हात तिला एक आजोबा दिसले. चादरीच्या मधोमध मांडी घालून बसलेले. दोन कोपऱ्यांवर दगड होते. उरलेल्या दोन कोपऱ्यांवर त्यांच्या चपला.

ती जवळ गेली, पाणी पुढे केलं. ते नको म्हणाले. माणसं येतील माझी, जागा धरलीय.

तिनं त्यांच्या चपला कोपऱ्यांवरून उचलल्या आणि त्यांच्या पायांशी ठेवल्या. मग स्वतःच्या चपला काढून त्या कोपऱ्यांवर ठेवल्या.

“जागा मी धरते, बाबा. ते झाड दिसतंय ना? पन्नास पावलं आहेत. तुम्ही तिथं बसा.”

तासाभरानं त्यांची मुलगी आणि जावई हातात बशा घेऊन आले. परक्या बाईला चादरीवर बघून मुलगी वैतागली. तुम्ही कोण, आमचे बाबा कुठे, म्हणाली. सुनेनं झाडाकडे बोट दाखवलं आणि आपल्या आईंची गोष्ट सांगितली. फार नाही, चपलांपर्यंतचीच. मुलीनं हातातली बशी चादरीवर ठेवली आणि ती झाडाकडे धावत सुटली.

वाचकहो, आपल्यासाठी जागा धरून बसलेलं एक माणूस आपल्या प्रत्येकाच्या घरात आहे. ते तक्रार करणार नाही, फोन केला तर सगळं ठीक आहे म्हणेल. त्याच्या शब्दावर विसंबू नका. उठून जा, कपाळाला हात लावून बघा, आणि तुला काय हवंय ते विचारा. चौथ्या ओळीत ऐकू येतं तेच गाणं शेवटच्या ओळीतही ऐकू येतं. आणि शेवटच्या ओळीत सगळ्यांना एकत्र उभं राहता येतं.

त्या संध्याकाळी आजोबांनी कार्यक्रम झाडाखालूनच ऐकला, लेकीच्या शेजारी बसून. सून पायांत चपला न घालताच तंबूकडे परत गेली. जमीन अजून तापलेली होती. ती पावलं मोजत चालली. झाडापाशी पन्नास भरली.