बदल ब्याड

मैत्रेयी प्रबंध सोडतेय हे ऐकून वीणा मॅमचा चहाचा कप ओठांपाशीच थांबला. वर्गातल्या सगळ्यांत हुशार पोरीने, प्रबंध जमा करायला आठवडा उरलेला असताना, समोर येऊन शांतपणे सांगावं की सोमवारपासून मी इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरीला लागतेय, हे त्यांच्या काही केल्या डोक्यात शिरेना. त्यांनी तिला बस म्हटलं. ती बसली नाही.

मॅम मूळच्या निपाणीच्या. मराठी आणि कन्नड त्यांच्या तोंडात एकाच घरात नांदल्यासारख्या नांदायच्या, आणि कुठली कुठे संपते याचा त्यांनी कधी विचार केला नव्हता. हेब्बाळच्या या विद्यापीठात समाजशास्त्र शिकवताना मात्र कडक इंग्रजी. विद्यार्थ्यांच्या लिखाणावर भरभरून शेरे द्यायची त्यांना जुनी खोड होती. पोरं मार्क बघायची आणि शेरे धाब्यावर बसवायची, याचा रागही तितकाच जुना होता.

म्हणून विद्यापीठाने एआयचा मदतनीस आणला तेव्हा त्या मनापासून खूश झाल्या. मॅमनी फोनवर नुसतं बोलून ठेवायचं. मदतनीस त्यातून स्वच्छ इंग्रजी मुद्दे काढायचा, विद्यार्थ्याला समजावायचा आणि यातलं आधी काय करणार असंही विचारायचा. पोरं चक्क शेऱ्यांवर काम करायला लागली. मैत्रेयी तर नागपूरची, आपली मराठी मुलगी. तिच्यासाठी बोलताना मॅम इंग्रजी खुंटीला टांगायच्या आणि घरच्यासारखं बोलायच्या. हा लाड इतर कुणाच्या वाट्याला आला नव्हता.

बोम्मसंद्र्याच्या कारखान्यांत राबणाऱ्या मुली भाड्याच्या खोल्यांत कशा राहतात, हा तिचा विषय. तिसरं प्रकरण वाचून मॅमचे डोळे भरून आले होते, आणि तसं त्यांनी लगेच बोलूनही ठेवलं होतं. पण परवा तेच प्रकरण परत आलं ते सोलून काढलेलं. मुलींचं बोलणं गायब, नुसते तक्ते. हिच्या डोक्यात हवा गेली, असं ठरवून मॅम दोन दिवस धुसफुसत होत्या.

आता तो राग बाहेर पडला. मी सांगितलं काय आणि तू केलंस काय, असं त्यांनी विचारलं.

"तुम्ही सांगितलं तेच केलं, मॅम," मैत्रेयी म्हणाली. "बदल वाईट. काळजी घेतलेली नाही. मुलाखतींची काटछाट वाईट, म्हणजे त्या जमल्याच नाहीत. म्हणून मी सगळ्या मुलाखती काढून टाकल्या. मग वाटलं, मला हे जमणारच नाही."

आपण भलतंच ऐकतोय असं मॅमना वाटलं. असं कोण म्हणालं, हेच त्यांना कळेना. मैत्रेयीने फोन पुढे केला. मदतनिसाने खरंच तसं लिहिलं होतं, अगदी नीटनेटकं. खाली त्याने तिला धीरही दिला होता की कठोर शेरे मनाला लावून घेऊ नका, एकेक पायरी घ्या. आणि बिचारीने एकेक पायरी घेत आपलंच प्रकरण मोडून काढलं होतं.

तू माझा आवाज ऐकलास ना, असं मॅमनी विचारलं. आवाज कुणीच ऐकत नाही, सगळे मुद्देच वाचतात, असं ती खाली मान घालून म्हणाली. वर्षभर मॅम जीव ओतून बोलत होत्या, आणि ते एकाही माणसाच्या कानात गेलं नव्हतं.

त्यांनी ते जुनं बोलणं लावलं. "बाळ, किती सुंदर लिहिलंयस ग. आता बदल ब्याड. काळजी ब्याड. मुलाखतींत काटछाट तर ब्याडच ब्याड."

"ब्याड म्हणजे?" मैत्रेयीने विचारलं.

"नको," मॅम म्हणाल्या. "आमच्याकडे नकोला ब्याड म्हणतात."

यंत्राने त्याचं इंग्रजी ‘बॅड’ केलं होतं. आईच्या तोंडून शिकलेला, जेवताना, निजताना, लाडात वापरलेला शब्द असा उलटा फिरून कुणाच्या काळजात घुसेल, हे मॅमच्या स्वप्नातही आलं नव्हतं. इतरांशी त्या परकं इंग्रजी बोलल्या आणि ते सगळे सुखरूप राहिले. जिच्यावर जीव होता तीच नेमकी बळी पडली.

मैत्रेयीने ते बोलणं पुन्हा लावलं. "बाळ म्हणालात," ती म्हणाली. "हे मुद्द्यांत नव्हतं." मग ती खुर्चीत बसली आणि तिला रडू फुटलं.

रडणं ब्याड, असं मॅमच्या अगदी ओठांवर आलं. त्यांनी तो शब्द गिळला. "रडू नकोस," त्या पुस्तकी मराठीत म्हणाल्या आणि त्यांना आपलाच आवाज परका वाटला. जुनं प्रकरण पुसून टाकलंय, असं ती हुंदके देत सांगत होती. माझ्याकडे जसंच्या तसं आहे, आत्ता पाठवते, असं त्या म्हणाल्या. मग धीर करून त्यांनी सोमवारचं विचारलं, त्या नोकरीचं काय करणार.

मैत्रेयीने ओढणीने डोळे पुसले. "ब्याड," ती म्हणाली.

क्षणभर मॅमनाही ते इंग्रजीच ऐकू आलं.