हिंडेनबर्गची मीठदाणी

मित्रांनो, मला निरांजन म्हणू नका. मी मीठदाणी आहे. जर्मनीची असले तरी जर्मन सिल्व्हरची नाही, अस्सल चांदीची. हिंडेनबर्ग नावाच्या प्रचंड हवाई जहाजात मी जेवणाच्या टेबलावर असायचे. काय थाट होता आमचा! खाली अटलांटिक महासागर उसळायचा आणि वर माझ्यातलं मीठसुद्धा हलायचं नाही.

जहाज तरंगायचं हायड्रोजनवर. एक ठिणगी पडली की खेळ खलास. म्हणून लोक चढताना जेवण वाढणारा आमचा पांढऱ्या कोटातला स्टुअर्ड प्रत्येकापुढे हात करायचा आणि अदबीनं काडेपेटी काढून घ्यायचा. तरीही १९३७च्या मे महिन्यात, न्यू जर्सीत उतरता उतरता, जहाज पेटलं. कशानं, ते आजवर कुणाला नीट सांगता आलेलं नाही. स्टुअर्ड त्यातच गेला. मी राखेत काळीठिक्कर पडले होते, कुणीतरी उचलून खिशात घातलं.

पुढे कितीतरी कपाटांत धूळ खात पडले. गेल्या वर्षी अमेरिकेतल्याच शॉमबर्ग गावात एका म्हाताऱ्याच्या घरचं सामान विकायला निघालं, तेव्हा कादंबरी नावाच्या एका मुलीनं मला घेतलं. ती नागपूरची, इथे आयटीत आहे. "आई, क्यूट आहे ना? निरांजन करू," ती सासूला म्हणाली. सासूबाईंनी, म्हणजे वीणाकाकूंनी, मला चिंचेनं लख्ख घासलं आणि तुपाची वात लावली. माझ्या पोटात आग! मी शहारले.

आणि माझ्यामागे कुणीतरी येऊन उभं राहिलं. पांढरा कोट, जळालेल्या बाह्या. मी त्याला लगेच ओळखलं. मग रोज तिन्हीसांजेला तो यायचा आणि काडेपेटीकडे बघत राहायचा. भीती नाही वाटली मला, कीव आली.

जानेवारीत एका संध्याकाळी दूध उतू जाऊन बर्नर विझला आणि गॅस तसाच सुटत राहिला. थंडीमुळे खिडक्या बंद. काकू दिवा लावायला आल्या. कोविड झाल्यापासून त्यांना वासच येत नाही. त्यांनी काडेपेटी उघडली. मला वाचा असती तर मी घर डोक्यावर घेतलं असतं!

तो पुढे झाला आणि अदबीनं हात केला.

तेवढ्यात कादंबरी ऑफिसमधून आली. दारातच वास आला तसं तिनं सासूला ओढत बाहेर बर्फात नेलं.

"आई, काडी नाही ना ओढली तुम्ही?"

"कशी ओढणार? त्यानं पेटी मागितली, मी दिली."

"कोणी?"

"पांढऱ्या कोटातला होता गं, निरांजनामागून पुढे आला. हात किती भाजलाय बिचाऱ्याचा."

काडेपेटी काही सापडली नाही. कादंबरीची पाचावर धारण बसली. "आई, हे डोनेट करून टाकू, प्लीज," ती म्हणाली. पण काकू हटून बसल्या. आता देवापुढे माझ्या शेजारी बॅटरीचा दिवा असतो आणि नैवेद्यातला एक घास काकू त्या कोटवाल्यासाठी बाजूला काढतात.

मित्रांनो, जुनी वस्तू घरी आणाल तेव्हा ती कुणाकुणाच्या हातून आली, याची जरा चौकशी करत जा. तिला जपा. आणि मला मात्र पुन्हा कुठे विकू नका. मी जाईन तिथे त्याला यावं लागतं, आणि तो आता फार दमलाय.