प्रचाराचा कॅन

दूध संघाच्या ओट्यावर रोज सकाळी दोन कॅन असायचे. एक संघाचा, दुसरा प्रचाराचा. आधी प्रचाराच्या कॅनमध्ये एक माप ओतायचं, मगच संघ दूध घेणार, हा अध्यक्षांचा कायदा. तीन वर्षं गाव मुकाट्यानं ओतत होतं. का, तर त्या दुधाच्या पैशावर आपला उमेदवार निवडून येणार आणि बंद दवाखान्यात जनावरांचा डॉक्टर बसणार!

आज काकूंनी मापाला हातच लावला नाही. त्यांची म्हैस पहाटेपासून अडली होती, रेडकाचा एकच पाय बाहेर आला होता.

"निवडणूक होऊन चार महिने झाले. डॉक्टर कुठाय?"

"त्यात जरा घोळ झालाय, काकू," अध्यक्ष खाकरले. "आपण दोन्ही उमेदवारांना निम्मे निम्मे दिले. म्हटलं, कुणीही येवो, डॉक्टर पक्का."

"मग?"

"निवडून आलेला म्हणतो, माझ्या वैऱ्याला पोसलंत. पडलेला म्हणतो, तुमच्यामुळंच पडलो. दोघंही फोन उचलत नाहीत."

काय ही अक्कल! आणि हाच माणूस गावाला शहाणपण शिकवत हिंडायचा.

"पण आता मंडळानं ठरवलंय," अध्यक्ष छाती काढून म्हणाले, "पुढच्या वेळी एकालाच द्यायचे. फक्त माप दोन घालायचं."

काकूंचं टाळकंच सरकलं. "तिकडं माझी म्हैस मरायला टेकलीय, आणि तुम्ही पुढची निवडणूक सांगताय? लाज कशी वाटत नाही हो!"

त्यांनी प्रचाराचा कॅन कडीला धरून ओढला. रांगेतल्या मागच्या बाईनं दुसरी कडी धरली.

"अहो, तो प्रचाराचा आहे!"

"आमच्या म्हशींचा आहे! दादा," काकू संघाच्या टेम्पोवाल्याला म्हणाल्या, "हा शहरात वीक, आणि तिथला खासगी डॉक्टर गाडीत घालून आण. पळ!"

दोन तासांत डॉक्टर आला. बाह्या सारून त्यानं आत हात घातला, रेडकू वळवलं, ओढलं. रेडी झाली, जिवंत! म्हैस तिला चाटायला लागली तशा काकू मटकन खाली बसल्या आणि ढसाढसा रडल्या. डॉक्टरची फी त्या एका कॅनच्या पैशात भागली.

डॉक्टर गेल्यावर अध्यक्ष हळूच गोठ्यात डोकावले.

"काकू, डॉक्टर मंडळानंच आणला, असं गावात सांगितलं तर चालेल ना?"

"सांगा की," काकू डोळे पुसत म्हणाल्या. "आधी तो खराटा घ्या आणि गोठा झाडा."

कुणी बघत नाही ना, हे अध्यक्षांनी पाहिलं आणि खराटा उचलला.