रुईतली उजेडाची रेघ

मालूबाईचा नवरा दगा एका संस्थानच्या फौजेत शिपाई होता. संस्थान विलीन झालं, फौज मोडली, बंदूक गेली. पण हात होता तसाच राहिला. बुऱ्हाणपुरात कापसाच्या एका जिनात मुकादमी मिळाली, तरी घरातली मारहाण काही थांबली नाही. एकदा त्यानं तिचा जबडाच फोडला. तेव्हा तिचा भाऊ लोटू तिला जवळच्या जसोंडी गावी आपल्या घरी घेऊन आला. लोटू त्याच जिनात हमाल होता. तो दगाला म्हणाला, "पुन्हा तिले हात लावशील तर माह्याशी गाठ आहे." दगानं मान खाली घालून विडी पेटवली. मालूबाईला त्याच्या शिव्यांपेक्षा त्याच्या गप्प राहण्याचीच धास्ती होती.

त्या उन्हाळ्यात शाळेतले वामन मास्तर जिनात आले. रुईच्या गोदामाला खिडकी नव्हती आणि आगीच्या भीतीनं आत कंदील न्यायला बंदी होती. अंधारात कोणता माणूस, रुईची कोणती बांधलेली गाठ कुठे आहे, कळत नसे. मास्तरांनी दोन स्वस्तातले डबा-कॅमेरे आणले. त्यांचं म्हणणं, ते दोन कोपऱ्यांत उंचावर ठेवून उघडे सोडले, तर फिरत्या बल्बची वाट दोन्हींत उमटेल. मग प्रत्येक कोपऱ्यातून फोटोत दिसेल त्या दिशेला दोरी ताणायची. दोऱ्या जिथे एकमेकींना छेदतील तिथे बल्ब. जिनाचे शेठ हसले आणि हो म्हणाले. लोटूनं बॅटरीचा उघडा बल्ब फेट्यावर बांधून घेतला आणि तो आत गेला. मास्तर दार ओढून बाहेर बसले. शेजारी जिनाची यंत्रं धडधडत होती, कुणी कानात बोललं तरच ऐकू येईल अशी.

मालूबाई भाकर घेऊन आली तेव्हा मास्तर दारात उभे राहून हाका मारत होते. आत मिट्ट काळोख. ओ नाही.

दगा मागच्या अंगणातून आला. "लोटू ना? तो तं मागच्या दारानं केव्हाच गेला. चांदनी गावाले जातो म्हने."

त्याची एकच बाही ओली होती, नुकतीच धुतल्यासारखी. मालूबाईनं ते पाहिलं आणि भाकरीचं फडकं खाली ठेवलं.

"मास्तर," ती हळूच म्हणाली, "तुमचे फोटो आत्ताच धुवा."

हमाल टॉर्च घेऊन शोधत राहिले. पण दीड पुरुष उंचीचे रुईचे ढीग उपसायचे कुठून? मास्तरांनी कोठडीत फिल्म धुतल्या आणि उजेडाला धरल्या. उलट्या चित्रात उजेडाची रेघ काळी दिसत होती. ती सरळ गेली होती, मग एका जागी कोंबडीनं उकरावं तशी सैरावैरा झाली होती, आणि खाली येऊन तुटली होती.

"हे काय?" मालूबाईनं विचारलं.

मास्तर दोरीचं बंडल घेऊन गोदामात गेले. त्यांनी दोऱ्या ताणल्या. पूर्वेच्या भिंतीजवळच्या ढिगावर दोऱ्या एकमेकींना छेदल्या. मालूबाईनं दोन्ही हातांनी रुई उपसली. आधी पाय लागला. मानेत गाठी ओढायच्या आकड्याचं भोक होतं, रुई लाल होऊन चिकटली होती. तोंडात रुई कोंबलेली, नखांतही रुई. गाडला तेव्हा तो जिवंत होता.

मागे उभ्या असलेल्या दगानं आकडा उचलला आणि मास्तरांच्या खांद्यात घातला. मास्तर कोसळले. मग तो तिच्याकडे वळला. इतकी वर्षं तो हात उगारायचा तेव्हा ती तोंड झाकून घ्यायची. या वेळी तिच्या हाताला गाठ बांधायची लोखंडी पट्टी लागली. तिनं ती त्याच्या तोंडावर मारली, पुन्हा मारली, तो गुडघ्यांवर आला तरी मारतच राहिली. हमालांनी ओढलं तेव्हा थांबली. दगाचा एक डोळा गेला होता.

कोर्टात दगाचा वकील म्हणाला, रेघ म्हणजे काही माणूस नव्हे. पण आकडा होता, ओली बाही होती, मानेची जखम होती. दगाला जन्मठेप झाली.

मास्तरांचा हात पुढे कधी खांद्याच्या वर गेला नाही. बरे झाल्यावर ते जसोंडीला आले आणि त्या रेघेच्या फोटोची एक प्रत तिच्यापुढे धरली. "लोटूचा दुसरा फोटो नसेल तुमच्याकडे."

मालूबाईनं तो घेतला नाही. "मारतानाचा फोटो कोन घरात ठेवतं, मास्तर?"

त्यांनी तो खिशात घातला. तिनं त्यांना पाणी दिलं, ते गेल्यावर दाराला कडी घातली आणि कामावर निघाली.